एका शाळेचे दोन रॅम्प

वृषाली वही घेऊन बयाबाईच्या ओट्यावर टेकली आणि तिथंच तिची उमेदवारी जाहीर झाली.

खरं तर ती एम. ए.ची विद्यार्थिनी. वयस्कर लोक मतदानाला का जात नाहीत, यावर तिचा प्रकल्प होता. त्यासाठी ती महाळुंगे पडवळजवळच्या आपल्याच वाडीत घरोघर फिरत होती.

"आजी, शेवटचं मत कधी दिलंत?"

"म्हातारा व्हता तवर. शाळेच्या पायऱ्या उचलून चढवायचा मला. आता ही चाकाची खुर्ची कोन उचलतंय?" गेलेल्या नवऱ्याची सायकल अजून भिंतीला टेकून होती.

"प्रचाराला येतं का कुणी?"

"जिनेशशेठचा रोज फोन येतो. 'नमस्कार, कशा आहात?' म्हनतो. मी गुडघ्याचं सांगाया लागले की आपलंच दामटतो. लई आगाव!"

तो आवाज रेकॉर्ड केलेला असतो, हे सांगणं वृषालीच्या जिवावर आलं.

शेजारच्या कुशाबाईनं सगळं ऐकलं. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची एवढी चौकशी इच्छुकाशिवाय कोण करतं? सरपंचपदाचे अर्ज भरायचे दिवस. संध्याकाळी वरच्या आळीत बायकांनी वृषालीला ओवाळलंच.

"अहो, मी फक्त अभ्यास करतेय!"

"करा की ताई. पयल्यांदाच कुनीतरी अभ्यास करून उभं ऱ्हातंय!"

सकाळी जिनेशशेठचा प्रतिस्पर्धी, रीलवरून प्रचार करणारा सावळेराम धापा टाकत हजर. "ताई, माघार घ्या."

"मी उभीच नाही, भाऊ."

"सगळे असंच म्हनत्यात. काय पायजे ते बोला."

वृषालीला बयाबाईची खुर्ची आठवली. "शाळेच्या पायऱ्यांवर रॅम्प."

"बास? झालाच समजा!"

तो वळतो न वळतो तोच जिनेशशेठ आला. अट ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "सावळेराम कुठल्या बाजूनं बांधतोय?"

मतदानाच्या दिवशी शाळेला दोन रॅम्प होते. दोन्ही उमेदवार लांब रस्त्यावर माना उंचावून उभे. वृषालीनं ढकललेली बयाबाईची खुर्ची सावळेरामच्या रॅम्पवरून चढली, तसा जिनेशशेठचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पोरी, आता त्या दुसऱ्यावरनं उतरव." आता सावळेरामचा उतरला.

"आजी, दिलं कुणाला?"

"बसू दे दोघास्नी इचार करत!"

रस्त्यावर येताच जिनेशशेठ हात जोडून पुढं झाला. "नमस्कार, कशा आहात?"

ओळखीचा आवाज ऐकून बयाबाईनं शाईचं बोट उगारलं.

"घावलास! आता गप ऐकायचं," ती म्हणाली, आणि तिनं डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली.