खोल पाण्यातली हजेरी

माणूस कुठे आहे हे ठरवताना खुद्द त्या माणसाचे मत विचारात घेऊ नये. तो पक्षपाती असतो. हे सत्य ओळखून आकडेवारी कार्यालयाने सहीचे रजिस्टर बंद केले आणि ब्राउझरवरची हजेरी सुरू केली. सकाळी दहाला पान उघडायचे, ‘मी हजर’ वर टिचकी मारायची आणि आपण कुठे आहोत ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

कार्यालयातली सर्वांत नवी कनिष्ठ सहायक ही संख्याशास्त्राची पदवीधर. तिच्या उमेदवारीचा सहावा आणि शेवटचा महिना चालू होता. या सहा महिन्यांत सातपेक्षा जास्त गैरहजेऱ्या भरल्या तर नोकरी आपोआप संपते. (‘आपोआप’ हा शब्द नियमातलाच. कोणालाही वाईटपणा घ्यावा लागू नये म्हणून.) तिची एकही गैरहजेरी नव्हती. घरी आईने ‘पोरगी पक्की झाली’ असे दोन आत्यांना आधीच सांगून टाकले होते.

त्याच महिन्यात कार्यालय हलले. जुने कार्यालय पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होते. नवे तिथून सात किलोमीटरवर, मोठ्या आवारात, फाटकापासून दोनशे पावले आत. एकशे आठ कपाटे, बेचाळीस कर्मचारी आणि सहा राऊटर सुखरूप पोहोचले. राऊटर पुसून भिंतीवर लावले. दहा वाजता सगळ्यांनी टिचकी मारली आणि सगळे गैरहजर निघाले. नकाशावर बेचाळीस ठिपके जुन्या जागी होते. ब्राउझरला मजले कळत नसल्याने ते थेट तलावात पडले होते, त्यातले एकोणीस खोल बाजूला. (आस्थापना विभागातले अण्णा तेवढे काठावर होते. त्यांना पोहता येत नाही.)

“ही काय भानगड?” अण्णांनी विचारले.

“संगणकाला डोळे नसतात, अण्णा,” ती म्हणाली. “आसपास कोणकोणते राऊटर ओरडताहेत, कोण मोठ्याने, कोण हळू, एवढंच तो ऐकतो. ती यादी दूरच्या एका नोंदवहीकडे जाते. नोंदवही म्हणते, हे सहाही माझ्या ओळखीचे, हे तलावावर राहतात.”

“अगं, पण आपण इथे आहोत ना!”

“आपल्याला कोण विचारतंय?”

यावर उपाय सोपा होता. लोकांच्या खिशातल्या फोनला उपग्रहावरून आपली जागा कळते आणि वाटेत ऐकलेल्या राऊटरची चहाडी तो नोंदवहीकडे करतो. पुरेशा चहाड्या झाल्या की नोंदवही मत बदलते. पण आकडे फुटू नयेत म्हणून कार्यालयात फोन आणायला बंदी होती. सगळे फोन फाटकावरच्या लाकडी खणात दिवसभर पडून असत. म्हणजे जे फोन खरे बोलू शकत होते त्यांना ऐकू येत नव्हते आणि ज्यांना ऐकू येत होते ते संगणक खोटे बोलत होते. साहेबांनी या व्यवस्थेला ‘समतोल’ म्हटले.

पाच दिवस तलावात गेल्यावर कार्यालयाने मार्ग काढला. नोंदवही एका साक्षीदारावर विश्वास ठेवत नाही, तिला निदान दोन लागतात. फाटकासमोरच्या केशकर्तनालयाचा राऊटर आणि भिंतीपलीकडच्या दातांच्या डॉक्टरांचा राऊटर हे वर्षानुवर्षे जागेवरून न हललेले, अब्रूदार राऊटर. दोघेही नीट ऐकू येतील अशी जागा एकच होती, दुकानातली तिसरी खुर्ची. आठव्या दिवसापासून बेचाळीस माणसे एक लॅपटॉप घेऊन तिथे रांगेने बसू लागली.

“बसायला हरकत नाही,” केशकर्तनकार म्हणाला, “पण माझ्या खुर्चीत बसून कोरडं उठायचं नाही.”

सोमवारी दाढ्या झाल्या. मंगळवारी केस कापून झाले. बुधवारी अण्णांच्या भुवयांवर चर्चा झाली. तिची वेणी कमरेवरून खांद्यापर्यंत आली. गुरुवारी आवारात कापण्याजोगे काही न उरल्याने केशकर्तनकार दुकानाला कुलूप लावून गावाला निघून गेला. गुरुवार आणि शुक्रवार तलावात गेले आणि तिच्या नावावर सात गैरहजेऱ्या भरल्या. मग दोन दिवस सुट्टी होती. आठवी सोमवारी दहाला.

“तू कामावर जातेस ना गं?” आईने शुक्रवारी रात्री विचारले. “खरं सांग. हे केस, ही गैरहजेरी...”

“आई, मी रोज तिथेच असते.”

“तुझे बाबाही असंच म्हणायचे.”

शनिवारी तिने पहारेकऱ्याला ‘काम राहिलंय’ असे सांगितले आणि फोन जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून आत नेला. (स्टीलच्या डब्यात फोन बहिरा होतो. पदवी वाया जात नाही.) शनिवारी आणि रविवारी ती व्हरांड्यातून साडेतीनशे फेऱ्या चालली. अण्णांनाही तिने गळ घातली. भुवयांचा राग होताच. तेही आपला आणि दोन्ही मुलांचा फोन घेऊन चालले. रविवारी संध्याकाळी नोंदवहीने मत बदलले. कार्यालय नव्या इमारतीत आले.

सोमवारी पावणेदहाला साहेबांनी परिपत्रक वाचून दाखवले. तांत्रिक वस्तुस्थितीचा आदर राखून, आजपासून कार्यालय पोहण्याच्या तलावात असल्याचे मानण्यात येत आहे. टाळ्या वाजल्या. दहाला टिचक्या वाजल्या. बेचाळीस ठिपके नव्या इमारतीत, कार्यालयापासून बरोबर सात किलोमीटर दूर. तिची आठवी गैरहजेरी भरली.

“हे कोणी केलं?” साहेबांचा आवाज चढला.

“मी दुरुस्त केलं, साहेब,” ती म्हणाली.

“कोणाच्या परवानगीनं?”

दुपारी तिच्या हातात आरोपपत्र पडले. पूर्वपरवानगीशिवाय संपूर्ण कार्यालय, कपाटांसह, सात किलोमीटर हलवणे. शिवाय सुट्टीच्या दिवशी. तिचे डोळे भरून आले. अण्णांनी मात्र तिला बाजूला घेतले.

“रडतेस काय, वेडे? चौकशी चालू असलेल्याला काढता येत नाही. नियमच आहे. चौकशी संपेपर्यंत तू पक्की!”

“आणि संपली तर?”

“मी इथे एकतीस वर्षं आहे. कशावर आहे असं वाटतं तुला?”

चौकशी आजही चालू आहे. चार फोनांवर नोंदवही उलटणार नाही, मागे मोठी टोळी असली पाहिजे, असा चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष आहे. त्यांनी नोंदवही कोण लिहिते याचा छडा लावला. नोंदवही ज्याच्या खिशात फोन आहे आणि ज्याने कधीतरी, न वाचता, ‘परवानगी आहे’ वर बोट दाबले, असा प्रत्येक जण लिहितो. सहआरोपींची यादी तयार झाली असून तिच्यात आपलेही नाव आहे. खुलासा सात दिवसांत लेखी पाठवावा. पत्ता लिहिण्याची तसदी घेऊ नये. तो आपण रोज कळवताच.