गिरणीसमोर, अकरा टँकर

"रविवारी पाणी आलं नाय, तर मी फुलंब्रीला माहेरी जाणार," अश्लेषाने बुधवारी जाहीर केलं. "तिथं हापशाला अजून पाणी आहे. इथं नवरा टँकरवाल्याचा प्रोग्राम लिहितो आन् आंघोळीला तांब्या मोजून देतो."

हा नवरा म्हणजे मंदार, आणि तिचं म्हणणं खरंच होतं. शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरलं होतं, नळ मात्र त्याच्या अलीकडेच थांबला होता. कॉलनीतले बोअर मार्चमध्येच आटले. आता सगळी मदार आप्पासाहेबांच्या टँकरवर होती. बिडकीनकडच्या विहिरीवरून रोज अकरा टँकर निघत. एका घराला आठवड्याला एक टँकर, असा आप्पासाहेबांचा नियम होता. लोकांनी मोबाइलवरून नंबर लावावा म्हणून त्यांनी मंदारकडून जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत एक वेब सर्व्हिस लिहून घेतली होती. ती आप्पासाहेबांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून लोकांना उत्तरं देई.

त्या सर्व्हिसला आठवण म्हणून नव्हती. मोबाइलवर नाव भरून बटण दाबलं, की ती "नमस्कार" म्हणे. पत्ता भरून बटण दाबलं, की ती तोही घेई. शेवटी "पक्कं करा" दाबलं, की विचारी, "आपलं नाव?" प्रत्येक बटण म्हणजे तिच्यासाठी नवा कॉल आणि प्रत्येक माणूस नवखा. लोक चार-चार वेळा नाव-पत्ता भरत आणि शेवटी एकच ओळ वाचत: "आपली माहिती मिळाली नाही. कृपया सुरुवातीपासून सांगा."

आप्पासाहेबांनी मंदारला बोलावून घेतलं.

"मंदारराव, लोक बेजार झालेत. फोन करून मला शिव्या घालायलेत. मागचं काहीच ध्यानात ठेवत नाय का ही?"

"आप्पासाहेब, ती स्टेटलेस आहे, म्हणजे मागचं न ठेवणारी. चांगली सर्व्हिस अशीच लिहितात."

"मग वाईट लिहा," आप्पासाहेब म्हणाले. "पण रविवारच्या आत लिहा."

शेवटी मंदारने सर्व्हिसमध्ये एक जागा केली, 'चालू ग्राहक' नावाची. आलेलं नाव आणि पत्ता तिथे ठेवायचा आणि पक्कं करताना तिथूनच उचलायचा. शनिवारी त्याने एकट्याने ऑफिसात बसून तीनदा तपासलं आणि तीनही वेळा सगळं बिनचूक झालं. आपण एकटेच होतो म्हणून ते बिनचूक झालं, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही. पंधरा वर्षं कॉम्प्युटरपुढे घालवलेल्या माणसाला एवढं सुचू नये, याला काय म्हणावं.

रविवारी सकाळी सहाला नंबर लावणं सुरू झालं आणि अख्खा बायपास एकदम मोबाइलवर तुटून पडला. मंदारही त्यात होता. त्याने मोठ्या हौसेने पत्ता सविस्तर लिहिला, खुणेची जागा म्हणून 'गिरणीसमोर' असं टाकलं आणि या लिहिण्यात तो सगळ्यांच्या मागे पडला. त्याचा पत्ता पोहोचला तेव्हा बाकीचे लोक "पक्कं करा" दाबत होते. सर्व्हिसने प्रत्येकासाठी त्या एकाच जागेवरून शेवटचं आलेलं, म्हणजे मंदारचं, नाव आणि पत्ता उचलला. मंदारने स्वतः "पक्कं करा" दाबलं, तेव्हा उत्तर आलं, "आजचे टँकर संपले."

"काय झालं?" अश्लेषाने विचारलं. पलंगावर तिची बॅग उघडी पडली होती.

"होईल काहीतरी," मंदार म्हणाला.

आणि झालं. साडेनऊला गोकुळ ड्रायव्हरने पहिला टँकर दाराशी लावला. "मंदार, गिरणीसमोर. हेच ना साहेब?"

अश्लेषाने बॅग पलंगाखाली सारली आणि पाइप आणायला धावली. ती पाइप घेऊन येते तोवर दुसरा टँकर आला, मागोमाग तिसरा. दहा मिनिटांत गल्लीत अकरा टँकर उभे होते आणि शेवटच्याचं शेपूट बायपासवर गेलं होतं.

"अहो, मी एकच म्हणले होते," अश्लेषा म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजात नवऱ्याबद्दल कौतुक होतं. मंदारला ते फार बरं वाटलं.

तेवढ्यात माणसं आली. अकरा घरची माणसं, हातात मोबाइल आणि मोबाइलवर एकच मजकूर: "आपला टँकर मंदार, गिरणीसमोर, येथे रवाना झाला आहे."

"ह्योच का मंदार? प्रोग्राम लिहिणारा?"

"व्हय, ह्योच. सगळं पाणी सोताच्या दारात आणलंय."

"तांत्रिक अडचण आहे," मंदार म्हणाला. "सगळ्यांची माहिती एकाच जागी पडली."

"ते दिसतंय की," एक जण टँकरच्या रांगेकडे बघत म्हणाला.

एकाने मंदारची कॉलर धरली, तशा समोरच्या गिरणीतून वच्छलाबाई पीठ झटकत बाहेर आल्या. त्यांनी आधी कॉलर सोडवली, मग भांडण ऐकून घेतलं. आत जाऊन त्या चिठ्ठ्या आणि वाटीभर खळ घेऊन आल्या. एकेकाला नाव-पत्ता विचारत, चिठ्ठी लिहीत त्यांनी एकेका टँकरच्या काचेवर ती चिकटवली.

"मंदारभाऊ, रोज शंभर डबे येतात माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, मला कुठं ध्यानात ऱ्हातंय? डब्याची चिठ्ठी डब्यासंगं. मी फकस्त वाचते आन् दळते."

मंदार त्या चिठ्ठ्यांकडे बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्याला पीठ लागलेल्या हातांनी शिकवावी लागली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

अर्ध्या तासात गल्ली रिकामी झाली. अकरा चिठ्ठ्या, अकरा टँकर. बारावी चिठ्ठी मंदारची होती आणि तिला टँकर नव्हता. अश्लेषा कोरडा पाइप धरून उभी होती.

"थांब, दुपारपर्यंत दुरुस्त करतो," मंदार म्हणाला. "उद्याच्या टँकरांत आपला नंबर पहिला."

त्याने खरंच दुरुस्त केलं. आता प्रत्येक मोबाइलला पहिल्याच कॉलला एक चिठ्ठी मिळे आणि पुढच्या प्रत्येक कॉलला मोबाइल ती दाखवी. सर्व्हिस चिठ्ठी वाचून ज्याचं त्याला उत्तर देई. एकदम वीस जणांनी बटणं दाबली तरी गोंधळ होईना. मंदारने अश्लेषाला शेजारी बसवून स्वतःचा नंबर लावला.

"नमस्कार मंदार, गिरणीसमोर," सर्व्हिसने पहिल्याच दमात ओळखलं. "आपणास आज अकरा टँकर मिळाले आहेत. आपली पुढील पाळी अकरा आठवड्यांनी."

मंदारने आप्पासाहेबांना फोन लावला. "माझ्या नावावरची अकरा टँकरांची नोंद पुसू द्या, आप्पासाहेब. एक थेंब मिळाला नाही मला."

"कसं पुसता, मंदारराव? सकाळचा तमाशा समद्यांनी बघितलाय. तुमचंच नाव पुसलं, तर लोक माझे टँकर फोडतील," आप्पासाहेब म्हणाले. "आन् सर्व्हिस आता लई झकास चाललीय. याददाश्त आलीय तिला. हात लावू नका."

अश्लेषाने पलंगाखालची बॅग काढली आणि पाचची बस गाठली.

सातला मंदारने फोन केला. पलीकडे हापशाचा आवाज येत होता, सावकाश, भरपूर.

"आपलं नाव?" अश्लेषाने विचारलं.

"अगं, मी बोलतोय."

"पत्ता?"

"अश्लेषा, चूक झाली माझी. ये ना परत."

"पाणी आलं का तिथं?"

"नाही."

पलीकडे बादली भरल्याचा, मग ती उचलल्याचा आवाज आला.

"आपली माहिती मिळाली नाही," अश्लेषा म्हणाली. "कृपया सुरुवातीपासून सांगा."