अक्काताईंचं ऑटोमॅटिक

अंबूबाईंच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसल्या आणि समोरच्या घरात अक्काताईंच्या जिवाला चैन पडेना.

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात दोघींची दारं समोरासमोर होती. अंबूबाई दवाखान्यातून परत आल्यापासून त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपला मावत नव्हत्या. बिद्रीहून भाऊ येऊन गेला, गगनबावड्याहून मावसबहीण सगळ्या बिऱ्हाडासह आली. अक्काताई खिडकीत मेथी निवडत बसत आणि चपला मोजत.

"आज एकोणीस जोड," त्या लेकीला म्हणाल्या. "शहाळी किती आली ते इचारूच नकोस. तिचा नवरा पिराजी आता जिन्याखाली रचून ठेवाय लागलाय."

रूपाली शाळेत भूगोल शिकवायची. वह्यांतून मान वर न काढता ती म्हणाली, "आई, त्यांना अटॅक आला होता."

"आला हुता की. मी कुठं न्हाय म्हणतोय? पण पंधरा दिवस झालं. माणसानं किती दिवस सांगावं?"

खरं तर अक्काताईंच्याही छातीत दुखत होतं, आणि अंबूबाईंच्या कितीतरी आधीपासून. अण्णाप्पा जाऊन आठ महिने झाले होते. दोघं नवरा-बायको जन्मभर सूर्य मावळायच्या आत समोरासमोर जेवायला बसले. आता रूपाली शाळेतून येईपर्यंत साडेसहा होत, म्हणून त्या एकट्याच बसत. दुसऱ्या घासाला डावीकडे, बरगडीखाली कळ यायची. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पण समोर स्प्रिंगा बसल्यावर गप्प राहणं त्यांना जड जाऊ लागलं. एका संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि लेक घरी येताच म्हणाल्या, "मलाबी दाखवायचं हाय."

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्याने ईसीजी काढला, इको केला, रक्त तपासलं. सगळे कागद पसरून तो हसत म्हणाला, "काकू, रिपोर्ट एकदम नॉर्मल."

अक्काताईंचा चेहरा पडला.

"नीट बघा की वं. दुखतंय म्हणून आलोय."

"दुखतंय ते खरंच आहे. पण ते मनाचं आहे. मनात साठलं की शरीर बोलायला लागतं."

तो पुढेही बराच वेळ चांगलं बोलला. झोपेबद्दल विचारलं, कुणाशी बोलता का विचारलं, आठवड्याने परत बोलावलं. अक्काताईंनी त्यातला एकच शब्द ऐकला होता. रिक्षात बसल्यावर त्यांचा बांध फुटला.

"मनाचं सांगतोय म्हणला मला! मी काय मनाचं रचून सांगतोय व्हय गं? अडुसष्ट वर्षांत एक शब्द मनाचा सांगितला न्हाय मी!"

"अगं, तसं नाही म्हणाले ते."

"मग कसं? अंबूला स्प्रिंगा, आणि मला मनाचं!"

बोळात रिक्षा थांबली तेव्हा अंबूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय म्हणला वं डॉक्टर?"

अक्काताईंनी लेकीकडे पाहिलं. ती नजर रूपालीला सहन झाली नाही. तिने हातातल्या कागदावर नजर टाकली. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, सायकोसोमॅटिक. आता बोळातली पोरं एकमेकांना सायको म्हणून चिडवायची. रूपालीने शब्दाचा पहिला तुकडा गिळला आणि म्हणाली, "सोमॅटिक झालंय आईला."

"सोमॅटिक?" अंबूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"सोमॅटिक," अक्काताई म्हणाल्या आणि पदर सावरून, एकेक पायरी मोजत घरात गेल्या.

बोळाच्या तोंडाशी सयाजीचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्यापर्यंत पोहोचताना शब्दाचा आकार जरा बदलला.

"ऑटोमॅटिक? लई वंगाळ," तो हात पुसत म्हणाला. "बिनगिअरची गाडी असती न्हाय का, तसलं. आपसूक वाढतंय, आपसूक थांबतंय. आपल्या हातात काय न्हाय."

"मग स्प्रिंग बसवायची," शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या.

"ऑटोमॅटिकला स्प्रिंग कशी बसंल? साध्या हार्टला बसती."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून चपला फिरल्या. अक्काताई धुतलेल्या चादरीवर उशीला टेकून बसल्या. शहाळी आली, मोसंबी आली, हुपरीहून नणंद आली. आलेला माणूस आधी ऑटोमॅटिकची चौकशी करी, मग हळूच अण्णाप्पांचा विषय काढी. आठ महिन्यांत कुणी काढला नव्हता. अण्णाप्पा रोज सकाळी म्हशींच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन मिशीला फेस तसाच घेऊन घरी येत, हे चिमणाबाईंनी सांगितलं आणि अक्काताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बोलता बोलता त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

चौथ्या दिवशी रूपालीने विचारलं, "आई, आज दुखलं का?"

अक्काताईंनी बरगडीवर हात ठेवला. आठवून पाहिलं. मग घाबरून दाराकडे बघत कुजबुजल्या, "न्हाय गं. पण कुणाला सांगू नकोस हं."

समोर मात्र बिकट झालं होतं. अंबूबाईंच्या उंबऱ्यावर दोनच जोड उरले होते, त्यातला एक त्यांचा स्वतःचा आणि दुसरा नवऱ्याचा.

"मला स्प्रिंगा बसल्यात, आणि लोक हिच्याकडं!" त्या पिराजींना म्हणत. "आवाज ऐकलासा हिचा? खणखणीत हसतीया. असं असतंय काय आजारी माणूस?"

अंबूबाईंना धडधडू लागलं. घाम फुटू लागला, अन्न नकोसं झालं. सहाव्या दिवशी पिराजी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. तोच डॉक्टर, तोच ईसीजी, तेच हसणं. स्प्रिंगा उत्तम चालल्या होत्या. रिक्षा परत आली तेव्हा अक्काताईंच्या दारात सातआठ माणसं होतीच. पिराजी साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि इंग्रजी अक्षरं जोडून वाचण्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं वाचलं.

"सा-य-को-सो-मॅ-टिक!"

सगळ्यांच्या माना कागदाकडे वळल्या.

"म्हंजे अक्काताईंचंच?" चिमणाबाईंनी विचारलं.

"त्यांचं नुसतं सोमॅटिक," पिराजी म्हणाले. "हिचं सायको लागून हाय. वरच्या नंबरचं."

अंबूबाईंनी मान ताठ केली. सहा दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडावर रंग आला.

अक्काताई चादर भिरकावून उठल्या. "रूपाली! माझा कागद आण. नीट वाच. माझंबी असंल सायको."

"आई, राहू दे ना आता."

"आण म्हणतोय न्हवं!"

कागद पिराजींनीच वाचला. अक्षर न् अक्षर तेच निघालं.

"हाय का न्हाय?" अक्काताई कडाडल्या. "मला आधी झालंय! तारीख बघा! हिला माझ्या मागनं झालंय!"

"आधी झालं म्हणून काय झालं? माझ्या आत दोन स्प्रिंगा बी हाईत!"

"मास्तरीणबाई," सयाजीने रूपालीला विचारलं, "तुमी शिकल्याल्या हाईसा. कुणाचं जास्त हाय, सांगा की एकदा."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. आता शब्दाचा तुकडा गिळायला जागाच नव्हती. तिने वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं. मनाला लागलेलं शरीरात दुखू शकतं. शरीराला झालेलं मनात भीती होऊन बसू शकतं. दोन्ही खरं असतं. दोन्हीला औषध असतं, त्यात लाजण्यासारखं काही नसतं.

सयाजीने बराच विचार केला. "म्हंजे आत काय बिघाड न्हाय. मनाचंच हाय."

त्याने ते वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं. पण चिमणाबाईंना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, नणंदेला हुपरीची बस आठवली. पाच मिनिटांत बोळ रिकामा झाला. दोघी आपापल्या घरात गेल्या आणि दोन्ही दारं लागली.

"कशाला सांगितलंस?" अक्काताई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तशी अक्काताईंनी भाकरी वाढून घेतली. पहिला घास गेला. दुसऱ्याला कळ आली, जुन्या जागी, तश्शीच. त्या ताट तसंच टाकून खिडकीशी गेल्या. समोर अंबूबाई उंबऱ्यावर एकट्या बसल्या होत्या, छातीवर हात ठेवून. बघायला कुणी नव्हतं, तरी हात तिथेच होता. अक्काताईंनी ते बराच वेळ पाहिलं. मग दार उघडून बोळ ओलांडला.

"कुठं दुखतंय गं, अंबू?"

अंबूबाईंनी मान वळवली. "मनाचं हाय म्हणत्यात."

"ते ऐकलंय मी. कुठं दुखतंय ते इचारलं."

अंबूबाईंनी घरात डोकावून आवाज खाली आणला. "दुखत न्हाय वं. भ्या वाटतंय. रात्री आडवं पडलो की वाटतंय, झोपेतच बंद पडलं तर? ह्यांना सांगितलं तर म्हणत्यात, रिपोर्ट चांगला आलाय की."

अक्काताईंनी लुगडं आवरलं आणि उंबऱ्यावर शेजारी बसल्या. "सरक जरा. पैल्यापास्नं सांग."

साडेसहाला रूपाली शाळेतून आली तर घर उघडं आणि ताट अर्धं. ती धावत बाहेर आली तेव्हा समोरच्या उंबऱ्यावर दोघी बोलत बसलेल्या दिसल्या.

"आई! दुखतंय का तुला?"

"व्हय, दुखतंय," अक्काताई मागे न बघता म्हणाल्या. "पण जरा थांब. अजून अंबूचं चाललंय. मग माझं सांगणार हाय."