प्रभाकररावांनी गिअर घट्ट केला

मोटारसायकलचा गिअर आपण स्वतः, घरीच दुरुस्त करायचा, हा निर्णय प्रभाकर केळसकरांनी जेवताना, वालाच्या बिरड्याची दुसरी वाटी संपवता संपवता घेतला. पोट भरत आलं की त्यांचा आत्मविश्वास वाढतो, हे शशिकलाबाईंना बावीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. त्यांनी भात वाढला.

गाडी बारा वर्षांची होती. तिचा गिअरचा लिव्हर पडायला आलेल्या दातासारखा हलायचा. न्यूट्रल सापडला तर सापडला, नाहीतर पनवेलच्या प्रत्येक सिग्नलला प्रभाकरराव गाडी बंद करून इकडेतिकडे बघत उभे राहायचे (जणू सिग्नल बघायलाच आले आहेत). शशिकलाबाई कामोठ्याच्या क्लासमध्ये गणित शिकवायच्या आणि रोज दोन रिक्षा बदलून जायच्या. त्यांना ही गाडी विकून स्वतः चालवता येईल अशी बिनगिअरची स्कूटर हवी होती. लर्निंग लायसन्सही त्यांनी काढून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरचा झुबेर कुवेतहून परत आला होता, तो गाडी घ्यायला तयार होता. रविवारी पाच वाजता यायचं ठरलंही होतं.

"अगं शशी, लग्नानंतर एवढी एकच गोष्ट मी माझ्या मनाने घेतली," प्रभाकरराव म्हणाले. "आपल्या लेकीला, अनुयाला शाळेत सोडलं ह्याच गाडीवर. मोऱ्याच्या धक्क्यावर मासे आणायला गेलो ह्याच गाडीवर."

शशिकलाबाईंना थोडं वाईट वाटलं. "बरं, उद्या पाचच्या आत तुमच्या हाताने तो लिव्हर घट्ट करून दाखवा. हलायचा थांबला, तर गाडी विकायची नाही. हलला, तर झुबेरची."

रविवारी सकाळी प्रभाकरराव पार्किंगमध्ये पाट टाकून बसले. समोर पाने, पक्कड, खोबरेल तेल आणि (का कोण जाणे) अमृतांजन. अर्ध्या तासात दुखणं सापडलं. लिव्हरपासून इंजिनाकडे एक बारीक दांडी जात होती. तिच्या दोन्ही टोकांचे नट सैल होते आणि इंजिनाच्या बाजूचा छोटा आर्म ज्या बोल्टने आवळायचा तोही सैल होता. एवढंच! प्रभाकररावांनी पहिला नट आवळला. दुसरा आवळला, तर तो आणखी सैल झाला. जोर लावला, तर हातातच आला.

शशिकलाबाई चहा घेऊन आल्या. "काय म्हणतोय नट?"

"ह्याचे आटे उलटे आहेत!" प्रभाकररावांचे डोळे चमकले. "कंपनीने मुद्दाम उलटे ठेवलेत. साध्या माणसाच्या लक्षात आलं नसतं."

त्यांनी तो उलटा फिरवून घट्ट केला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. कचेरीत तेवीस वर्षं फायली हलवलेला माणूस एवढ्यावर थांबला असता, तर ही गोष्टच घडली नसती. पण पुसून घ्यावा म्हणून त्यांनी आर्मचा बोल्ट काढला, आणि आर्म सुटून मांडीवर पडला. तो आधी वर होता की खाली, हे काही त्यांनी बघून ठेवलं नव्हतं. त्यांनी विचार केला. नट उलटा निघाला, म्हणजे ह्या भागात सगळं उलटंच असणार. सरळ बुद्धीला आर्म वर असावासा वाटतोय, म्हणजे तो खाली असला पाहिजे. त्यांनी तो खाली तोंड करून बसवला आणि दात-ओठ खाऊन आवळला.

गाडी स्टँडवर होती. त्यांनी हातानेच लिव्हर वरखाली केला. टक, टक, टक, सगळे गिअर पडले. शशिकलाबाईंनी येऊन लिव्हर धरून डावीउजवीकडे हलवला. तो तसूभरही हलला नाही.

"जिंकलात," त्या म्हणाल्या. स्कूटर गेली म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता, पण शब्द त्यांनी पाळला.

पाचच्या ठोक्याला झुबेर आला. "विकायची नाही? काही हरकत नाही काका. पण तुम्ही बनवलीय म्हणता, तर एक चक्कर मारू द्या ना."

झुबेर निघाला आणि गाडी सशासारख्या उड्या मारत गेटपर्यंत गेली. तिथे इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. झुबेर गाडी ढकलत परत आला.

"काका, हिच्यात जिन्न शिरलाय काय? गिअर वाढवायला लिव्हर वर उचलतो तर कमी होतो, कमी करायला खाली दाबतो तर वाढतो!"

"सवय लागते रे," असं म्हणून प्रभाकरराव ऐटीत बसले. बारा वर्षांची सवय असलेल्या त्यांच्या पायाने आपलं काम चोख केलं आणि गाडी सोसायटीच्या पाण्याच्या पिंपाला जाऊन भिडली. गाडीला काही झालं नाही. प्रभाकरराव मात्र पिंपात कोपरापर्यंत भिजले.

झुबेर वाकून बघत हसायला लागला. "आर्म उलटा बसवलाय तुम्ही. एक बोल्ट काढायचा, दोन मिनिटांचं काम. द्या पाना."

"थांब झुबेर." शशिकलाबाई पुढे आल्या. "म्हणजे आता खाली दाबत गेलं की वेग वाढतो?"

"हां काकी. आणि वर उचललं की कमी."

"मग ह्यात उलटं काय आहे? माझं शिलाई मशीनही दाबलं की पळतं!"

त्यांनी पदर खोचला. झुबेरने क्लच समजावला आणि मागून गाडी धरून धावला. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. त्यांच्या पायाला जुनी सवयच नव्हती, त्यामुळे मोडायचीही नव्हती. पार्किंगच्या दोन फेऱ्या मारून त्या उतरल्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की प्रभाकररावही भिजलेल्या हातांनी टाळ्या वाजवत सुटले.

"स्कूटर नको आता," त्या म्हणाल्या. "आणि त्या बोल्टला कुणी हात लावायचा नाही!"

दोन महिन्यांत गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स आलं. बाई आता गाडीवरून थेट कामोठ्याला जातात आणि वाटेत प्रभाकररावांना बस स्टॉपवर सोडतात. लिव्हर अजून तसूभर हलत नाही, हे प्रभाकरराव स्टॉपवर भेटेल त्याला सांगतात.

परवाच्या रविवारी मात्र त्यांनी धीर करून विचारलं, "शशी, आज जरा माझी गाडी दे ना."

"देते की," म्हणत त्यांनी चावी पर्समध्ये टाकली आणि गाडी पुसायचं फडकं त्यांच्या हातात दिलं.