खारट वाटाणा, अळणी वाटाणा

साहेबांनी व्हीगन व्हायचं ठरवलं, त्याला तत्त्वापेक्षा खिसा जास्त कारणीभूत होता. दूध नाही, दही नाही, तूप नाही, अंडं नाही. महिनाअखेरीला त्यांच्या खोलीत यातलं काही नसायचंच; आता त्या नसण्याला एक भारदस्त नाव मिळालं, एवढंच. (साहेब अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. 'साहेब' ही पदवी मित्रांनी दिलेली. खरी पदवी अजून लांब होती.)

बातमी थोरल्या बहिणीच्या कानावर गेली आणि लगोलग फोन आला.

"रविवारी जेवायला येते. तुझ्या हातचं धड काही मिळालं तर राहा तिथं. नाहीतर गाशा गुंडाळायचा आणि काकांकडे जायचं!"

काका भल्या पहाटे सगळ्या घराला उठवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत, अग्रलेखासकट, आणि वर प्रश्न विचारत. साहेबांनी लगेच रविवार कबूल केला.

शनिवारी त्यांनी सुके वाटाणे भिजत घातले आणि वाडग्यावर ओलं फडकं टाकून ते खिडकीत ठेवलं. वाटाण्यांची पिशवी त्यांची आणि खोलीतल्या जोडीदाराची सामाईक. जोडीदार वनस्पतिशास्त्राचा, म्हणून सगळे त्याला माळीबुवा म्हणत. रविवारी सकाळी साहेब बघतात तर खिडकीत एकाची पाच वाडगी! पाचांवर ओली फडकी, आणि काही वाटाण्यांना तर चक्क कोंब आलेले. माळीबुवा सकाळीच कुठंतरी गेला होता.

साहेब चक्रावले. मग त्यांना उलगडा झाला (म्हणजे तसं त्यांना वाटलं). ताई येणार म्हणून बिचाऱ्यानं गुपचूप जास्तीचे भिजवून ठेवले! तोंडानं बोलत नाही, पण माणूस सोन्यासारखा. भरल्या डोळ्यांनी त्यांनी पाचही वाडगी एकत्र केली, वाटाणे वाफवले आणि कांदा-टोमॅटोवर परतले. मीठ घालायचं तेवढं राहिलं.

ताईनं पहिला घास घेतला. "खारट झालंय रे."

"मी मीठ घातलेलंच नाही!"

तिनं दुसरा घास घेतला. "हो, खरंच अळणी आहे."

साहेबांनी घाईघाईनं मीठ भुरभुरवलं. तिसऱ्या घासाला ताईला ठसका लागला.

"ताई, काहीतरी एक सांग ना!"

"काय सांगू, कपाळ? हा वाटाणा खारट, त्याच्या शेजारचा अळणी. एका भांड्यात शिजलेत असं वाटतच नाही!"

साहेब एकेक वाटाणा उचलून चाखू लागले. प्रत्येकाची चव निराळी. त्यांचं डोकं गरगरायला लागलं.

इतक्यात माळीबुवा आला. तडक खिडकीशी गेला, मग पलंगाखाली वाकून आला. "माझी चारही कुठं गेली?"

"कोण चार?" ताई दचकली.

"वाडगी! आठवडाभर जिवापाड जपली हो. आज जरा ऊन दाखवायला बाहेर काढली. एकात साधं पाणी, एकात थोडं मिठाचं, एकात जास्त, एकात त्याहून जास्त. खाऱ्या पाण्यात कोंब किती तग धरतो, ते उद्या सरांना..." त्याची नजर ताटावर गेली. "ताई, चावू नका!"

"मला वाटलं, तू माझ्यासाठीच..." साहेब पुटपुटले.

"तुझ्यासाठी मी कधी चहाचा कप तरी विसळलाय का?" माळीबुवाला खरोखरच रडू येत होतं.

ताईनं ताट बाजूला सारलं. साहेबांना काकांचा अग्रलेख स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"आठवडाभर पाणी घालायला एकदाही विसरला नाहीस?" तिनं माळीबुवाला विचारलं.

"नाही."

"मग ऐक. उद्या मी स्वतः तुझ्या सरांना भेटते, घडलं ते सांगते आणि मुदत मागून घेते. नवीन वाटाणे हा भिजवेल, तुझ्या देखरेखीखाली. आणि ह्याला मी काकांकडे नेत नाही. तुझ्याच ताब्यात देते. जमेल तेवढा वाढव."

साहेबांचा जीव भांड्यात पडला.

माळीबुवानं डोळे पुसले आणि साहेबांना खालून वरपर्यंत न्याहाळलं, बियाणं पारखावं तसं.

"ठेवून घेतो, ताई. पाणी घालीन, उन्हात बसवीन," तो म्हणाला. "पण कोंब फुटेल, असं काही लिहून देणार नाही."