बेल्ट लावलेला तांदूळ

मला गाडी शिकवली ती वानखेडे काकांनी. काय झालं, कसं झालं ते सांगतेच, पण नाव आधी लिहून ठेवते. मी घाईत गोष्ट सांगून मोकळी होते आणि ज्याचं नाव घ्यायचं तोच माणूस राहून जातो.

तर, वानखेडे काकांच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर दहा किलो तांदळाची गोणी बसते. ठेवलेली नसते, बसते. तिला सीटबेल्ट लावलेला असतो. हॅमिल्टनमधल्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक आहे. समोरचा माओरी शेजारी सकाळी काकांना "किया ओरा, बॉस" असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करतो आणि मग खिडकीशी वाकून "किया ओरा, राइस" म्हणतो.

मी पहिल्यांदा त्या गाडीत बसले तेव्हा काही न बोलता मागे जाऊन बसले. मला वाटलं, इथला नियम असेल. नवीन देशात मला कुठलीही गोष्ट आधी नियमच वाटते.

"विचारलं नाहीस, तांदूळ पुढे काहून बसला ते?" काकांनीच विषय काढला. काका नागपूरचे. बत्तीस वर्षं परदेशात काढूनही त्यांचं 'काहून' सुटलेलं नाही.

"का बसलाय?"

"बॅलास्ट! रिकामं जहाज डोलतं, पोरी. अमेरिकेच्या वसाहतींत माल भरायला जायचं आणि जाताना माल कमी असला, तर जहाजाच्या पोटात विटा भरायचे, दगड भरायचे. रिकामं जहाज सोडायचं नाही!"

मी म्हटलं, "असं होय." मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

काका दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. फोन उचलला की "किया ओरा, जय भीम" असं एका दमात म्हणतात, पलीकडे कुणीही असो. त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक आहे. युरोपातले लोक जहाजं घेऊन अमेरिकेला कसे गेले, तिथे काय पिकवलं, काय नेलं, काय विकलं, याचं. पुढचं पान नाही, मागचं नाही. सुशीलाकाकूंनी ते ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं होतं, लोणच्यात कैरी दबून राहावी म्हणून वर ठेवायला. एके दिवशी काकांनी बरणीवरून उचलून दोन पानं वाचली आणि तिथेच अडकले. आजही ते उघडलं की मोहरीचा वास येतो. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही.

'रिकामं जहाज सोडायचं नाही' हे वाक्य काका दिवसातून दहा वेळा म्हणतात आणि तसंच वागतात. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. काकांच्या मते हे आणि अटलांटिकचा व्यापार एकच. मी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवला, तो फिजोआ नावाची इथली हिरवी फळं भरून परत आला. पुढचा लिंबं भरून. एकदा डब्यात कपड्यांचे चिमटे आले. एकदा नुसता एक सेल.

"काका, सेल?"

"घरात दुसरं काही नव्हतं. चालू आहे, तपासून टाकला."

आता माझं सांगते. मी करमाळ्याकडची. नववीत असताना आई आजारी पडली आणि शाळा सुटली ती सुटलीच. इथे कुणी "तुझं शिक्षण काय?" असं विचारलं की मी पाणी आणायला उठते. माझा नवरा निलेश इथे शिकायला आला आणि राहिला. आता कुरिअरची व्हॅन चालवतो. मला 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका बेकरीत पावाच्या पॅकिंगचं काम मिळालं, आयुष्यातली पहिली नोकरी. मग बेकरीने दुपारची पाळी बंद करायचं ठरवलं. उरली पहाटेची, आणि त्या वेळी बस नाही. आमची सुपरवायझर, मेले नावाची, चांगली बाई आहे. तिच्या तोंडी सविताचं सावी होतं. ती म्हणाली, "सावी, महिनाअखेरपर्यंत स्वतः गाडी चालवत ये. मी जागा धरून ठेवते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

निलेशने शिकवायला घेतलं. दोन दिवसांत आमचं लग्न मोडायची वेळ आली. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून काका म्हणाले, "निलेश, तुझा आवाज ऑस्ट्रेलियापर्यंत जातोय. पोरीला उद्यापासून माझ्याकडे पाठव."

दुसऱ्या दिवशी काकांनी गोणीचा बेल्ट सोडला, तिला मागच्या सीटवर बसवलं, तिथला बेल्ट लावला आणि स्वतः पुढे बसले.

काका गाडी शिकवतात म्हणजे जहाजच शिकवतात. राउंडअबाउट, चौकातला तो गोल, म्हणजे बंदर. "उजवीकडून येतोय त्याला आधी जाऊ दे. मग घुसायचं. पण घुसायचं, बरं का!" रिव्हर्स पार्किंग म्हणजे धक्क्याला लागणं. आणि मध्ये मध्ये अमेरिका. मी चाचपडत गिअर टाकतेय आणि काका सांगतायत, की युरोपात टोप्यांची फॅशन आली आणि त्या टोप्यांसाठी बीव्हर नावाच्या, घुशीपेक्षा थोराड अशा प्राण्याच्या मागे माणसं अर्धं खंड तुडवत गेली.

"टोपीसाठी?"

"टोपीसाठी! इंडिकेटर दे."

कुठे तरी पाद्रीबाबाचा पगार तंबाखूत द्यायचे म्हणे. मला आमचे आजोबा आठवले. चंचीतली तंबाखू बघता ते तिकडे बिशप झाले असते. काका इतके हसले की माझं स्टॉप साइन चुकलं.

मजा म्हणजे मला प्रश्न पडायला लागले. शाळेत कधी पडले नव्हते, पडायच्या आत शाळा संपली. एकदा काका म्हणाले, वसाहतींनी लाकूड द्यायचं, कातडी द्यायची, आणि टोपी मात्र इंग्लंडकडूनच विकत घ्यायची. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या गावासारखं. दूध गावातून जायचं आणि बिस्किटाचा पुडा शहरातून यायचा."

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हे मला तीनशे पानं वाचून कळलं, बाई. तू नववीच ना?"

मी पाणी आणायला उठले नाही. गाडीत उठता येत नाही.

दुसऱ्या एका दिवशी मी विचारलं, "काका, जहाज रिकामं जायचं नाही म्हणता, मग आफ्रिकेहून अमेरिकेला जाताना काय भरायचे?"

काका म्हणाले, "गाडी बाजूला घे."

मला वाटलं, काही चुकलं. मी गाडी कडेला घेतली. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं.

"हे चालत्या गाडीत सांगायचं नाही," ते म्हणाले. "माणसं भरायचे. साखळ्या घालून, फळीवर फळी लावून. त्यांच्याकडून ऊस लावून घ्यायचा, तंबाखू लावून घ्यायची. समुद्रातून मासा काढला तर चांगला मासा युरोपला आणि खराब झालेला या माणसांना." मग समोरच्या काचेकडे बघून म्हणाले, "आपल्या आज्या-पणज्यांना कुणी वरून भाकरी टाकायचं, ते मला माहीत आहे. म्हणून ते पान मी दोनदा वाचलं. रिकामं जाऊ नये हे खरंच, सविता. पण काय भरलंय, ते आधी विचारायचं."

मग म्हणाले, "चल. आरसा बघ."

इथे आधी लर्नर, मग रिस्ट्रिक्टेड, मग फुल असं लायसन्स असतं. लर्नर मी इथे आल्या आल्या काढलं होतं. रिस्ट्रिक्टेड मिळालं की एकटीने गाडी चालवता येते, सोबत कुणाला न्यायचं तर फुल लागतं. मला तेवढंच हवं होतं. पहिल्या परीक्षेत मी राउंडअबाउटपाशी थांबले आणि थांबूनच राहिले. उजवीकडे एकही गाडी नव्हती. अधिकारीबाई हळूच म्हणाल्या, "यू कॅन गो नाउ, लव्ह." तरी मी थांबले. नापास.

काकांनी ऐकून कपाळाला हात लावला. "बंदर मोकळं आणि जहाज उभं? माल सडेल ना!" मग माझा चेहरा बघून आत गेले आणि त्यांचा एक डबा घेऊन आले. त्यात जिलेबी होती. दुकानातली, वाकडीतिकडी.

दुसरी परीक्षा महिना संपायच्या चार दिवस आधी होती. बाई त्याच. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मागची सीट मोकळी लागेल हं. हा तांदूळ कुणाचा?"

"माझ्यासोबत आहे," काका म्हणाले आणि बेल्ट सोडून त्यांनी गोणी छातीशी उचलली.

मी निघाले. राउंडअबाउट आला. उजवीकडून एक ट्रक आला, त्याला जाऊ दिलं. मग मोकळं झालं. माझा पाय तसाच ब्रेकवर. माल सडेल, मी मनात म्हटलं. आणि घुसले.

परत आले तेव्हा बाईंनी कागदावर टिकमार्क केला. "स्वीट ॲज," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. मला रडू यायला लागलं म्हणून मी काकांना शोधायला खाली उतरले. मी त्यांना जिथे सोडलं होतं तिथेच ते उभे होते. शेजारी बाक होता, रिकामा. तासभर झाला होता आणि गोणी त्यांच्या हातातच होती.

"पास," मी म्हटलं.

"वाटलंच होतं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा सांगत होता की अजिबात वाटलं नव्हतं.

"काका, ठेवायची ना बाकावर! बॅलास्टच ना ते."

काका गोणीकडे बघत म्हणाले, "कसलं बॅलास्ट. गाडीला काय करायचंय बॅलास्ट." मग त्यांनी गोणी छातीशी नीट धरली. "सुशीला बेल्ट लावायला विसरायची. रोज. गाडी पिंगपिंग करायची, मी ओरडायचो, ती म्हणायची, लावते हो. ती गेली आणि गाडी गप्प झाली. पार गप्प. मग एकदा दुकानातून तांदूळ आणला, तिच्या जागेवर ठेवला, चावी फिरवली, आणि पिंग पिंग पिंग. गाडीला वाटलं, कुणीतरी बसलंय."

मी गोणीला खालून हात दिला.

"मग मी म्हटलं, लाव बाई बेल्ट," काका म्हणाले. "आणि लावला."

मी गोणी त्यांच्या हातातून घेतली. दहा किलो म्हणजे चांगलंच जड असतं. मी ती मागे बसवली आणि बेल्ट लावला, नीट, क्लिक वाजेपर्यंत.

आता मी पहाटेच्या पाळीला जाते. निलेशने घेतलेली जुनी गाडी आहे. काकांचा जिलेबीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. आठवडे झाले, पण त्यात काय घालून परत द्यावं ते सुचत नाही. चटणी पुरणार नाही.

एक गोष्ट मला मागाहून कळली. आयुष्यभर जहाजांबद्दल बोलणाऱ्या या माणसाने मालाचं जहाज जवळून पाहिलेलंच नाही. टौरंगाचं बंदर इथून दोन तासांच्या आत आहे. काकूंना घेऊन जायचं होतं, ते राहिलं.

म्हणून इथेच लिहून ठेवते. काका, फुल लायसन्स मिळालं की मी तुम्हाला टौरंगाला नेणार. गाडी मी चालवीन. डाव्या सीटवर तुम्ही, मांडीवर भरलेला डबा. तांदूळ मागे, खिडकीपाशी, म्हणजे समुद्र नीट दिसेल.