एक हेडफोन, दोन डोकी

संध्याकाळी पाच-साडेपाचला आमच्या गल्लीतून कोणी नवखा माणूस गेला, तर तो पुंडलिकरावांच्या घरासमोर हमखास थबकतो. ओट्यावर सतरंजी. सतरंजीवर सत्तरीचे पुंडलिकराव, आणि त्यांना खेटून बसलेल्या त्यांच्या पत्नी कमलकाकू. दोघांच्या मध्ये एकच हेडफोन. त्याच्या वाट्या बाहेरच्या बाजूला उलट्या वळवलेल्या, एक यांच्या कानाला, एक त्यांच्या कानाला, आणि वरची दांडी दोन डोक्यांच्या मधोमध कमानीसारखी उभी. दोघांचेही डोळे मिटलेले.

नवख्याला वाटतं, म्हातारा-म्हातारी गाणी ऐकताहेत. गाणी नव्हेत. ती परीक्षा असते.

हजार रुपयांच्या आतला, कानावर टेकणारा हेडफोन हा पुंडलिकरावांचा विषय. कानात खुपसायच्या बोंडांना ते 'कापसाचे बोळे' म्हणतात आणि अख्खा कान झाकणाऱ्या महागड्या हेडफोनला 'हेल्मेट'. हजाराच्या वरचा माल ते हातातही धरत नाहीत. "हजाराच्या वर तं कोनीबी चांगला बनवते. आत बनवून दाखवा म्हना!"

हे वेड कुठून आलं, याचं उत्तर त्यांच्या नोकरीत आहे. जिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर गाड्या पुकारण्याचं काम त्यांनी केलं. आवाज खणखणीत, पण वरचा भोंगा फाटका. "तीस वर्सं म्या लोकायले गाड्या सांगतल्या," ते म्हणतात, "अन् तीस वर्सं लोक खिडकीशी येऊन इचारत राह्यले, साहेब, काय म्हनलं जी?" निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलीनं एक हेडफोन पाठवला. त्यात त्यांना पहिल्यांदा माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू आला, आणि पंधरा दिवसांत त्या हेडफोनची बिजागरी मोडली. तेव्हापासून ते शोधात आहेत. "माल बोलला पायजे, बोंबलला नाही पायजे," हे त्यांचं ब्रीद. ते दिवसातून चार वेळा तरी ऐकावं लागतं.

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो. पडताळा जमल्याशिवाय माझा कशावरही विश्वास बसत नाही. शेजारी राहायला आलो तेव्हा या गृहस्थांना मी सरळ चक्रम समजलो होतो. मग एका रविवारी त्यांची एक परीक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "अगं, आमच्या ऑडिटवाल्यांनी याच्या निम्मं जरी तपासलं असतं ना!"

ते आधी वाटीवरच्या गादीचा वास घेतात. वास उग्र असला तर गादीला उन्हाळ्यात पापुद्रे सुटणार, हे त्यांचं अनुमान. ते नुसतं अनुमान राहू नये म्हणून एप्रिल-मे महिन्यात सगळे उमेदवार भर दुपारी न्हाणीघराच्या पत्र्यावर मांडलेले असतात. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "पाहा जी, लोक पत्र्यावर पापड वाळू घालते, आमच्या इथं हे वाळू घालते!"

मग दांडी. बाजारात बैलाचे दात पाहावेत तशी ते ती फाकवतात, सोडतात, पुन्हा फाकवतात. वाटी वळवताना कटकन आवाज झाला की माल तिथंच बाद. नंतर वायर. जिथं वायर वाटीत शिरते त्या जागेला ते 'मान' म्हणतात आणि तिथं बोटाला गुंडाळून चांगले झटके देतात. "मानूस अन् वायर, दोघं बी मानेतच मोडते."

त्यानंतर हेडफोन चष्म्यावरून चढवून बसायचं. काकू शेजारी तुरीची डाळ निवडतात. डाळ संपली की त्या उठून यांच्या कानाची पाळी चिमटीत धरून पाहतात. पाळी गरम लागली तर नापास. "तापला. भजं तळून निघन यायच्या कानावर," असा निकाल मी स्वतः ऐकलेला आहे.

आवाजासाठी त्यांची भाषा स्वयंपाकघरातली आहे. माणसाचा आवाज म्हणजे भाकर. ढोल, डग्गा वगैरे धमधम म्हणजे पिठलं. झांज, चिपळ्या, बारीक किणकिण म्हणजे ठेचा. "ताटात आंधी भाकर पाह्यजे. या कंपन्या नुसतं पिठलं वाढते, ताट भरून! अन् नुसत्या ठेच्यावर तरी कोनी जेवते का?" तपासणीसाठी त्यांनी मोबाइलमध्ये एक ध्वनिफीत स्वतःच तयार केली आहे. आधी त्यांचीच जुनी पुकार, 'मेहकर, लोणारकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे'. ती भाकर. मग मंदिरातल्या भजनाचा ढोल. शेवटी तांदूळ निवडताना काकूंच्या काचेच्या बांगड्या. बांगड्यांचा किणकिणाट स्वच्छ आला, तरच ठेचा पास.

काकू म्हणतात, "माया बांगड्या अख्ख्या गल्लीच्या कानात घातल्या यायनं."

आणि शेवटची ही जोडीची परीक्षा. कारण त्यांनी असं सांगितलं, की दोन वाट्यांचा आवाज सारखा आहे की नाही, हे एका डोक्याला कळत नाही. एका वाटीला एक माणूस लागतो. शिवाय वाट्या उलट्या वळवल्या की बिजागरीचीही कसोटी लागते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कॉलनीत त्या वयाचे नवरा-बायको चारचौघांत शेजारी बसत नाहीत. पुरुष ओट्यावर, बाई आतल्या दारात. लग्नाला निघाले तरी हे पुढं आणि त्या दहा पावलं मागं. पुंडलिकरावांचंही तसंच होतं. त्यामुळं ही दोन डोकी एकत्र आली तेव्हा पहिले काही दिवस गल्लीत बरीच कुजबुज झाली. पण परीक्षा म्हणजे काम, आणि कामाला कोण काय बोलणार? माझ्या बायकोनं मात्र संधी साधली. "तुमी कधी बसले का असे? तुमाले तं हेडफोन बी नाही सुचला."

चार वर्षांत त्यांच्या हाताखालून सत्तावीस हेडफोन गेलेले मी पाहिले. पास झाले फक्त तीन. ते तीन ज्यांनी घेतले त्यांचे अजून चालू आहेत, आणि पुंडलिकरावांचं न ऐकता दुसरे घेणाऱ्यांपैकी एकाचाही चालू नाही. पडताळा जमला. गल्लीत त्यांना 'कान' म्हणतात, आणि मीही अदबीनं म्हणतो.

यंदा कॉलनीच्या समाजमंदिरात स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका काढली. सगळे मोबाइलवर व्याख्यानं ऐकणारे. एकाचा इतिहास दुसऱ्याच्या गणितात मिसळू लागला आणि भांडणं सुरू झाली. वर्गणीतून वीस हेडफोन घ्यायचं ठरलं. कोषाध्यक्ष मी. इलेक्ट्रिक सामानाचे दुकानदार सलीमभाई खरेदीच्या भावात द्यायला तयार झाले आणि तीन कंपन्यांचे नमुने घेऊन आले. निवड अर्थात पुंडलिकरावांची.

त्यांना रात्रभर झोप नव्हती म्हणे. सकाळीच मला म्हणाले, "वानखडे, आजपर्यंत एकेकाचा घेतला. चुकला तं एकाचा चुकला असता. आता वीस पोरायचे कान हायेत. आज मायी बोर्डाची परीक्षा हाय."

खरंच होतं. चुकीचा माल आला असता तर पोरांनी वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मोडली असती, आणि म्हाताऱ्याजवळ त्या नावाशिवाय दुसरी मिळकत नव्हती.

नेमक्या त्याच आठवड्यात काकू लोणारला गेलेल्या. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. "आज एकट्यानंच पाहातो," असं म्हणून पुंडलिकराव रविवारी समाजमंदिरात बसले. मी आणि सलीमभाई समोर. पहिल्या नमुन्याची वायर तिसऱ्याच झटक्याला मानेतून तुटली. तिसऱ्याची दांडी त्यांना ढिली वाटली. दुसरा मात्र वास, दांडी, वायर, सगळ्यांतून पार झाला. त्यांनी तो डोक्यावर चढवला, डोळे मिटून ती फीत शेवटपर्यंत ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"हाच! भाकर खमंग, पिठलं बेताचं, अन् ठेचा एकदम साफ. सलीमभाई, घ्या वीस."

सलीमभाईंनी सहज म्हणून तो कानाला लावला. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी ऐकला. आमच्याकडे नळाला पाणी यायच्या आधी जशी हवा फुसफुसते, तशी फुसफुस चालू होती. पुकारीच्या मागं फुसफुस, ढोलाच्या मागं फुसफुस. बांगड्या तर तिच्यात बुडून गेल्या होत्या. माझा कान काही मोठा तयार नाही. तरी मला ती पहिल्या सेकंदाला ऐकू आली.

पुंडलिकराव आमच्या तोंडाकडे पाहत होते. "काऊन? काही हाय का?"

मी वर्गणीची वही उघडून आकडे पाहू लागलो. सलीमभाई मात्र शांतपणे हेडफोन डब्यात ठेवत म्हणाले, "काका, एक बात राह्यली. जोडीची परीक्षा कुठी झाली? काकू तं लोणारले हायेत."

"अरे, एखांद्या वेळेस..."

"नाही काका. कायदा तुमचाच हाय. आम्ही कसा मोडावा?"

पुंडलिकरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चष्मा काढून पुसला. "हाव," ते म्हणाले. "कायदा म्हंजे कायदा."

बाहेर आल्यावर मला वाटलं, सलीमभाई काही बोलतील. ते फक्त म्हणाले, "चला वानखडे साब, चाय पिऊ."

काकू बुधवारच्या गाडीनं आल्या. पाय धुऊन होतात न होतात तोच ओट्यावर सतरंजी पसरली गेली. तिन्ही नमुने हजर, आम्ही दोघेही हजर. या वेळी माझं लक्ष हेडफोनकडे नव्हतं. काकूंनी एका हातानं वाटी कानाशी धरली होती. दुसरा हात सतरंजीवर, यांच्या हाताला लागून. पुकार सुरू झाली तेव्हा त्यांचं बोट यांच्या हातावर एकदा टेकलं. ढोलाला पुन्हा एकदा. बांगड्यांची वेळ आली आणि बोट दोनदा टेकलं, टक टक, जरा जोरातच. इतकी वर्षं मी ते बोट पाहत आलो होतो आणि काकू ताल धरतात असं समजत होतो.

पुंडलिकरावांनी डोळे उघडले. "फुसफुसते बे हे! ठेचा करपेल हाय. सलीमभाई, उचला."

मग ढिल्या दांडीचा तिसरा. त्याला तिन्ही वेळा एकेकच बोट. "दांडी वाकवून घट करता येते," पुंडलिकरावांनी निकाल दिला, "आवाज वाकवता येत नाही. हाच घ्या." तोच घेतला. वीस पोरं आज तो लावून बसतात आणि एकाचीही तक्रार नाही.

मी मनातल्या मनात चार वर्षांची बेरीज पुन्हा मांडली. उत्तर तेच आलं. खातं फक्त संयुक्त निघालं. माझा आदर कमी व्हायला हवा होता की काय कोण जाणे, तो दुप्पट झाला.

सलीमभाई दुकानाकडे गेले. काकू चहा टाकायला आत गेल्या. पुंडलिकराव माझ्याकडे वळले.

"वानखडे, त्या दिवशी तुमाले आयकू आली होती नं? ते फुसफुस?"

"हो, काका."

"मले नाही आली." ते हसले. "बारीक आवाज जाऊन तीनेक वर्सं झाले. भाकर अजून येते. ठेचा गेला."

"काका, आता कानाच्या चांगल्या मशीन निघाल्यात," मी म्हणालो. "कानात बसवली की दिसतसुद्धा नाही. मी चौकशी करतो. तुमचा कान पहिल्यासारखा..."

"हाय नं. पोरीनं घेऊन देल्ली. कपाटात हाय."

"मग लावत का नाही?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहून आवाज उतरवला. बसस्थानकावरचा तो माणूस, इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

"लावून पाह्यली. एक दिवस. सगळं आयकू आलं, बांगड्या बी आल्या. पन त्या आतमंदी वाजत होत्या, भाजी चिरतानी. अन् मी हितं भाईर एकटाच बसेल होतो."

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवले, पदराला हात पुसले आणि सतरंजीवर आपल्या जागी बसल्या. शेजारी ठेवलेला पहिला नमुना त्यांनी उचलला. "मंग? याची जोडीची परीक्षा बाकीच हाय नं?"

"हाव," पुंडलिकराव म्हणाले. "पाहून घेऊ."

वाट्या उलट्या वळल्या, दांडी दोन डोक्यांमध्ये उभी राहिली, चार डोळे मिटले. रविवारी मानेतून तुटलेली वायर ओट्याच्या कडेला निराळी पडली होती. मी चहा संपवला आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरलो. वळून पाहिलं, तर काकूंचं बोट त्यांच्या हातावर टेकलं होतं. एकदाच.